बैठकीत त्यांचेही आसन हवे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. मंडळात माझे काम म्हणजे हळदीकुंकवाची तबके भरणे, तिळगुळाच्या पुड्या बांधणे आणि वर्गणीची वही सांभाळणे. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "दरवर्षी बाहेरचे पाहुणे बोलतात, यंदा आपल्यातलीच कोणी बोलू दे." मी पुष्कळ आढेवेढे घेतले. शेवटी घरी विषय काढला, तेव्हा आमच्या आक्का म्हणाल्या, "बोला की वहिनी. पण माझ्याविषयी बोलणार असाल, तर आधी मला विचारून बोला."

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. त्या आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत. मी आज जे सांगणार आहे ते सारे त्यांना आधी वाचून दाखविले आहे. दोन ठिकाणी त्यांनी माझे चुकलेले दुरुस्तही करून दिले. अपंग माणसांविषयी काही ठरवायचे तर त्यांना विचारून, त्यांना जवळ बसवून ठरवावे, एवढीच एक गोष्ट मला आज सांगायची आहे. मग ते ठरविणे आपल्या घरातले असो, मंडळातले असो, की दिल्लीच्या सरकारचे असो.

आक्कांना तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले. पण हात असे चालतात, की आपल्या आळीतल्या निम्म्या बायकांच्या अंगावरचे पोलके त्यांच्या हातचे असेल. हाताने फिरवायच्या शिलाई यंत्रावर त्यांनी आपला खर्च आपण चालविला आणि माझ्या मुलीच्या शाळेच्या फीलाही हातभार लावला. त्या बसून सरकत चालतात. आमच्या घरात खालची खोली त्यांची. परसातल्या संडासापर्यंत त्यांची वाट ठरलेली आहे.

आता २०२१ सालचा पूर आठवा. जुलैची २२ तारीख. सावित्री आणि गांधारी या दोन्ही नद्यांनी महाडात शिरून काय केले, ते इथल्या कोणाला सांगायला नको. बाजारपेठेत माडीपर्यंत पाणी. आमच्या घरी पाणी जिन्याच्या नवव्या पायरीला लागले. आम्ही काय काय वर नेले? तांदळाची कोठी, देव, दागिन्यांचा डबा, मुलीची पुस्तके. आक्कांना माझ्या मुलाने पाठीवर घेऊन वर आणले. यंत्र खालीच राहिले आणि बुडाले.

वर आल्यावर आम्ही हुश्श केले. सगळी सुखरूप, देवाची कृपा, असे म्हणत होतो. दीड दिवस आम्ही माडीवर होतो. शेजारणीने गच्चीवरून पोहे दिले, चहा दिला. आक्का काही घेईनात. मला वाटले, यंत्र गेल्याचे दुःख आहे. पुष्कळ दिवसांनी त्यांनी सांगितले, "वहिनी, माडीवर संडास नाही. तुम्ही पुरुषमाणसे बाजूला करून कशीबशी सोय केलीत. मला ते जमणार नव्हते. म्हणून पाणीच प्यायले नाही." बायांनो, खाली घरभर पाणी आणि वर माझ्या घरचे माणूस दीड दिवस तहानलेले. मी त्याच खोलीत होते आणि मला कळले नाही.

याच्यापुढची चूक तर माझी एकटीची आहे. पूर ओसरल्यावर मदतीसाठी बैठका झाल्या. एका बैठकीत विचारले, "कोणाच्या घरी अपंग माणूस आहे का?" मी लगेच उठले. म्हटले, "आमच्या नणंदबाई आहेत, त्यांना चाकाची खुर्ची द्या." मोठ्या मायेने बोलले. खुर्ची आली, चांगली होती, देणाऱ्यांचे उपकारच. पण आमच्या बोळात ती वळत नाही. उंबरा चढत नाही. परसात तर चिखल आणि फरशीचे तुकडे. शेवटी खुर्ची माडीवर गेली आणि गेली काही वर्षे तिच्यावर आम्ही मिरच्या वाळत घालतो.

आक्कांना काय हवे होते? एक हातयंत्र, संडासाच्या भिंतीला धरायला लोखंडी दांडी आणि उंबऱ्यापाशी थोडा उतार. खुर्चीच्या मानाने खर्च काही फार नव्हता. पण ते बैठकीत कोण सांगणार? बैठक होती पहिल्या मजल्यावर. आक्का खाली घरात आणि त्यांची वकिली वर माझ्याकडे. वैऱ्याने चूक केली तर माणूस भांडेल तरी. मायेने चूक केली तर भांडताही येत नाही, उलट "आभारी आहे" म्हणावे लागते.

हे सारे मी मुलीपाशी बोलले. ती कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "आई, तू केलेस तेच सगळीकडे होते. यासाठी कायदासुद्धा आहे." तिने मोबाइलवर कायदा काढून, एकेक कलम मराठीत अर्थ सांगून मला आणि आक्कांना ऐकविला. त्यातले मला उमजले तेवढे सांगते.

हा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत. सरकारी कागदात आता 'दिव्यांग' म्हणतात. आक्का म्हणतात, "मला अपंग म्हणा की दिव्यांग म्हणा, पण आधी विचारा." म्हणून मी दोन्ही शब्द वापरते.

या कायद्याने दिल्लीत एक केंद्रीय सल्लागार मंडळ नेमायला सांगितले आहे. अपंगांविषयी देशाचे धोरण काय असावे याचा सल्ला सरकारला द्यायचा, हे त्याचे काम. सहा महिन्यांतून निदान एकदा त्याची बैठक व्हायची. त्यात कोण बसते? केंद्राचे मंत्री अध्यक्ष, राज्यमंत्री उपाध्यक्ष. सगळ्या राज्यांचे त्या खात्याचे मंत्री. तीन खासदार. निरनिराळ्या खात्यांचे मोठे अधिकारी. पाच तज्ज्ञ. व्यापारउद्योगाच्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी. आणि दहा जण असे, की जे अपंगांच्या संस्था-संघटनांच्या वतीने येतात आणि जे "शक्यतो" स्वतः अपंग असावेत. त्या दहांत निदान पाच स्त्रिया हव्यात आणि अनुसूचित जातीचे व जमातीचे निदान एकेक माणूस हवे.

या "शक्यतो" शब्दापाशी आक्कांनी मुलीला थांबविले. म्हणाल्या, "पुन्हा वाच." आपल्याला हा शब्द चांगला ठाऊक आहे. लग्नाला सोयऱ्यांना विचारावे, "येणार ना?" ते म्हणतात, "शक्यतो येऊ." मग आपण त्यांचे पान धरतो का? नाही धरत. आले तर वाढू म्हणतो. आमंत्रण ज्यांच्या नावाने, त्यांचेच पान "शक्यतो" मांडायचे, ही कसली पंगत? मंत्र्यांच्या जागेपुढे "शक्यतो" नाही, सचिवांच्या जागेपुढे नाही. तो शब्द फक्त अपंगांच्या जागेपुढे आहे.

पण कायदा करणाऱ्यांनाही हा शब्द वगळता येतो, हे त्याच कायद्यात दिसते. अपंगांची गाऱ्हाणी ऐकायला दिल्लीत मुख्य आयुक्त असतात. त्यांच्या मदतीला दोन आयुक्त नेमता येतात आणि त्या दोहोंतील एक अपंग व्यक्तीच असली पाहिजे, असे साफ लिहिले आहे. तिथे "शक्यतो" नाही. एका ठिकाणी जमले, तर दुसऱ्या ठिकाणी का जमू नये?

आता हेही न्यायाने सांगितले पाहिजे, की पाऊल पुढे पडले आहे. १९९५ च्या कायद्यातल्या समितीत अशा जागा पाचच होत्या आणि त्यांत एक स्त्री असली की पुरे होते. आता जागा दहा आणि स्त्रिया निदान पाच. हे आपोआप झाले नाही. जावेद आबिदी म्हणून एक गृहस्थ होते. चाकाच्या खुर्चीतून हिंडत आणि अपंगांच्या हक्कांसाठी भांडत. २०१८ साली ते वारले. १९९५ च्या डिसेंबरात देशातले अपंग लोक दिल्लीत संसदेकडे मोर्चा घेऊन गेले, त्यात त्यांचा पुढाकार होता. तो कायदा त्यानंतर झाला.

जनगणनेचेही तसेच. १९८१ मध्ये अपंगांची मोजणी झाली, १९९१ मध्ये ती वगळली. २००१ मध्येही वगळणार होते, पण अपंगांनीच उठून जाब विचारला आणि मोजणी झाली. २०११ च्या गणतीत देशात २ कोटी ६८ लाख अपंग निघाले, त्यांत १ कोटी १८ लाख बाया. महाराष्ट्रात २९ लाखांवर. एवढी माणसे यादीबाहेर राहत होती. आम्ही माडीवर नेण्याची यादी केली, तिच्यात संडास राहिला तसेच.

पुढे २००६ साली जगातल्या राष्ट्रांनी मिळून अपंगांच्या हक्कांचा करार केला. आपल्या देशाने २००७ साली तो मान्य केला. अपंगांविषयी कायदा आणि धोरण करताना अपंगांशी, त्यांच्या संघटनांमार्फत, जवळून विचारविनिमय करावा, असे त्यात स्पष्ट आहे. म्हणजे आक्कांनी मला चुलीपाशी सांगितले, तेच जगाने कागदावर लिहिले.

काही जण म्हणतील, धोरण करायला शिक्षण लागते, तज्ज्ञ लागतात. लागतातच. डॉक्टर हवेत, हिशेब जाणणारे हवेत. पण चूल कशी बांधावी हे गवंड्याला ठाऊक असले, तरी धूर कुठे जातो हे रांधणारीलाच कळते. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. आणि अपंगांत शिकलेले, कर्ते लोक नाहीत असे थोडेच आहे? कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे पाय ऐन तरुणपणी गेले. त्यांनी १९८४ मध्ये अपंगांसाठी संस्था उभी केली, शेकडो मुलांना आसरा दिला. त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे पुस्तक जमले तर आपल्या मंडळाच्या कपाटात घ्यावे अशी माझी सूचना आहे.

दुसरी एक शंका खरी आहे. ज्यांना स्वतःचे बोलताच येत नाही, ज्यांची समज लहान मुलासारखी राहिली, त्यांचे काय? त्यांच्या वतीने आईबापांनी बोलावे हे रास्तच. पण तिथेही घाई नको. माझ्या ओळखीत एक मुलगा आहे, त्याला शब्द येत नाहीत, पण कोणता सदरा नको ते तो बरोबर सांगतो. विचारणाऱ्याला थोडा धीर लागतो.

भगिनींनो, कागदावरचा हक्क आणि हाती आलेला हक्क यांतले अंतर महाडकरांना कोणी शिकवावे लागत नाही. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ मध्ये आपल्या महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ज्यांच्यासाठी ठराव, त्यांना पाण्याची ओंजळ मिळत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसे घेऊन स्वतः तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. आमच्या वतीने दुसरा कोणी बोलणार नाही, आम्ही बोलू, हे त्यांनी पुढे १९३० साली विलायतेत गोलमेज परिषदेतही जाऊन सांगितले.

आपले बायकांचे उदाहरण घ्या. पूर्वी ग्रामपंचायतीत सगळे पुरुष बसत आणि विहीर कुठे खणावी ते ठरवीत. पाणी कोण आणी? आपण. १९९३ पासून पंचायतीत स्त्रियांना तिसरा हिस्सा मिळाला, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा झाल्या. अजूनही कुठे कुठे सरपंचीण घरात आणि तिचे यजमान खुर्चीवर, असे दिसते. आपल्याला त्याचा राग येतो ना? मग अपंगांच्या जागेवर आपण धडधाकट माणसांनी बसून "आम्ही त्यांचेच बोलतो" म्हणणे, हे त्याहून निराळे काय आहे?

आता पोलादपूरकडच्या भगिनींसाठी एक सांगते, कारण माझे माहेर तिकडचे. २०२१ च्या त्याच दिवसांत महाड तालुक्यात तळीये आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे, साखर सुतारवाडी इथे दरडी कोसळल्या, माणसे गेली. माझ्या माहेरच्या वाडीवर दरड आली नाही, पण भीतीने लोक रात्री घरे सोडून निघाले. "चला, चला" अशा हाका मारीत सगळी वाडी उठली. माझी एक चुलतबहीण जन्मापासून बहिरी. ती झोपलेली. हाक तिला कशी ऐकू जाणार? अर्ध्या वाटेवर कोणाला तरी आठवले आणि दोघे परत गेले. देवाने राखले. नव्या कायद्यात आठवे कलम याचसाठी आहे. जिल्ह्यातल्या अपंगांची नोंद जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाने ठेवावी आणि संकटाची वर्दी त्यांना पोहोचेल अशी व्यवस्था करावी, असे त्यात आहे. पण बहिऱ्या माणसाला वर्दी कशी द्यावी, हे बहिऱ्याला विचारल्याशिवाय कोणाला कळणार? माझी बहीण खुणेने सांगते, "दार वाजवू नका, अंथरूण ओढा." केवढा सोपा उपाय! पण तिला आजवर कोणी विचारले नव्हते.

दिल्लीच्या मंडळात जाऊन बसणे आपल्या हाती नाही, हे मला समजते. पण कायद्यात खालच्या पायऱ्याही आहेत. राज्यातही असेच सल्लागार मंडळ असते, तिथेही अशा दहा जागा आहेत आणि शिवाय पाच जागा जिल्ह्यांना आळीपाळीने द्यायच्या असतात. त्या जागेसाठी जिल्ह्याच्या प्रशासनाची शिफारस लागते. रायगडची पाळी येईल तेव्हा शिफारस करायला आपल्याकडे नावे तयार हवीत की नकोत? जिल्ह्यालाही एक समिती असते. तिच्यात कोणी बसावे हे केंद्राच्या कायद्यात लिहिलेले नाही, ते राज्याने नियमांनी ठरवायचे. म्हणून तिथे आपण मागणी केली पाहिजे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. ते कशावर खर्चावेत हे ग्रामसभेत त्यांनाच विचारा, नाहीतर आणखी मिरच्या वाळतील. तामिळनाडूने तर २०२५ मध्ये कायदा करून गावच्या पंचायतीपर्यंत अपंग सभासद नेमण्याची सोय केली आहे. आपल्या महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी वेगळे खाते काढले, ते चांगलेच केले. आता पंचायतीतही जागा द्यावी.

आणि आता शेवटचे, जे सांगताना मला लाज वाटते. मी सुरुवातीला म्हटले, वर्गणीची वही माझ्याकडे असते. त्या वहीत आक्कांचे नाव बारा वर्षे आहे. बारा वर्षे त्यांनी वर्गणी भरली, मी पावती घरी नेऊन दिली आणि त्या एकाही मासिक सभेला आल्या नाहीत. मी हजेरीत दरवेळी "गैरहजर" लिहिले. आपली सभेची खोली माडीवर आहे. जिन्याला सोळा पायऱ्या. बारा वर्षांत मला एकदाही असे वाटले नाही, की गैरहजर त्या नव्हत्या, आपली खोली त्यांच्यापासून दूर होती. आजचा समारंभ खालच्या मोकळ्या जागेत ठेवला, म्हणून त्या आज आपल्यात आहेत. दिल्लीच्या कायद्यातला "शक्यतो" मी हसण्यावारी नेला, पण आपल्या मंडळाने तर तेवढेही लिहिलेले नाही.

म्हणून अध्यक्षबाईंपुढे तीन विनंत्या ठेवते. या तिन्ही आक्कांनी आणि दुसऱ्या दोन अपंग भगिनींनी सांगितल्या आहेत, मी नुसती वाचते आहे. पहिली, पुढच्या महिन्यापासून मासिक सभा जमिनीवरच्या जागेत घ्यावी, मग ती कोणाच्या ओटीवर का होईना. दुसरी, कार्यकारी मंडळाच्या अकरा जागांपैकी दोन अपंग भगिनींसाठी ठेवाव्यात आणि नियमात "शक्यतो" हा शब्द घालू नये. तिसरी, पावसाळ्याच्या आधी आपल्या आळीतली यादी करावी. कोण चालत नाही, कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही आणि पूर आला तर प्रत्येकीला काय लागेल. यादी त्यांच्या तोंडून लिहून घ्यावी आणि तिची एक प्रत नगरपालिकेत, एक तहसील कचेरीत द्यावी.

वहीचे काम मला सोडायचे नाही. पण येत्या वर्षी हजेरी मांडायला आक्का माझ्या शेजारी बसाव्यात, अशी माझी इच्छा आहे. त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "बसेन. पण अक्षर माझे चांगले आहे, वही मी लिहीन. तुम्ही तबके भरा."